ग्रीसचे ताट आणि उपवासाचे पंचांग

'डाएट' हा शब्द आता मराठी घरांत पुरता रुळला आहे. वजन वाढले, रक्तातील साखर वाढली किंवा घरातले लग्न जवळ आले की डाएट सुरू होते आणि कारण सरले की ते संपते. हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला असला तरी त्याचे माहेर ग्रीस आहे. प्राचीन ग्रीक भाषेतील 'दिआइता' म्हणजे जगण्याची रीत. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्य हा शब्द वापरीत तेव्हा त्यांना अन्नाबरोबरच झोप, स्नान, व्यायाम आणि ऋतुमान हे सारे अभिप्रेत असे. आयुर्वेदातील दिनचर्या आणि ऋतुचर्या या दोन शब्दांच्या जवळ जाणारा असा तो शब्द होता. पुढे प्रवासात त्याचा अर्थ झिजत गेला आणि उरली ती केवळ काय खावे व काय टाळावे याची यादी.

ग्रीसच्या अन्नाचेही असेच झाले आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात आणि हृदयाच्या काळजीने त्या घरी आणल्या जातात. परंतु ज्या स्वयंपाकघरातून हे तेल जगभर गेले, ते स्वयंपाकघर शतकानुशतके कशावर चालत होते, हे बाटलीवरच्या चिठ्ठीवर छापलेले नसते. ते चालत होते धान्य, कडधान्य, रानभाज्या यांवर आणि वर्षातील जवळजवळ अर्धे दिवस पाळल्या जाणाऱ्या उपवासांवर.

भाकरी आणि तोंडीलावणे

ग्रीसची भूमी डोंगराळ आणि खडकाळ आहे. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. गव्हापेक्षा सातू तेथे अधिक सहज पिके. म्हणून प्राचीन काळी सामान्य माणसाचे रोजचे अन्न म्हणजे सातूच्या पिठाचा मळून केलेला गोळा, 'माझा'. अथेन्सचा स्मृतिकार सोलोन याने नगराच्या सार्वजनिक भोजनगृहातही रोज 'माझा' वाढावा आणि गव्हाची पोळी सणाच्या दिवशीच द्यावी, असा दंडक घातल्याचे जुने ग्रंथकार सांगतात.

जेवणाचे दोन भाग मानले जात. धान्याचा पदार्थ तो 'सीतोस' आणि त्याच्याबरोबर चवीपुरते घ्यायचे ते 'ओप्सोन'. मराठीत यांना भाकरी आणि तोंडीलावणे म्हणता येईल. कांदा, ऑलिव्हची फळे, चीज, पालेभाजी, मासा हे सारे तोंडीलावणे होते. पोट भाकरीने भरायचे आणि तोंडीलावण्याने केवळ घास उतरवायचा, ही तेथील सभ्यतेची खूण होती. जो भाकरी कमी आणि तोंडीलावणे अधिक खाई, त्याच्यासाठी ग्रीक भाषेत एक निंदाव्यंजक शब्दच होता. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याने आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदविला आहे. पंक्तीतील एक तरुण भाकरीला हात न लावता नुसते तोंडीलावणेच खात होता. सॉक्रेटिसने त्याला थेट काही न म्हणता, अशा खाणाऱ्याला काय नाव द्यावे याची चर्चा सुरू केली. तरुणाच्या ते ध्यानात आले आणि त्याने मुकाट्याने भाकरी उचलली. तेव्हा सॉक्रेटिसने शेजाऱ्यांना सांगितले की, आता हा कशाला भाकरी मानतो आणि कशाला तोंडीलावणे, यावर लक्ष ठेवा.

या मर्यादेची दुसरी बाजू बाजारपेठेत दिसते आणि व्यापारी कुटुंबांना ती विशेष बोलकी वाटेल. अथेन्सच्या आसपास पिकणारे धान्य नगराला पुरत नसे. काळ्या समुद्राच्या काठावरून, आजच्या क्रिमियाच्या बाजूने, गलबते भरभरून गहू येई. अन्न परदेशातून येणार म्हटल्यावर साठेबाजीची भीती आलीच. इसवी सनपूर्व ३८६ च्या सुमारास धान्याच्या व्यापाऱ्यांवर चाललेल्या एका खटल्यासाठी वक्ता लिसिअस याने लिहिलेले भाषण आजही उपलब्ध आहे. एका वेळी पन्नास पाट्यांहून अधिक धान्य विकत घेऊ नये आणि खरेदीच्या भावावर केवळ एक ओबोल, म्हणजे चांदीचे एक लहानसे नाणे, एवढाच नफा घ्यावा, असा नियम त्यातून कळतो. धान्यावर देखरेख करणारे स्वतंत्र अधिकारी असत आणि नियम मोडणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होऊ शके. ताटावर जशी मर्यादा तशी ती अन्न विकणाऱ्याच्या वहीतही असावी, असे त्या नगराला वाटत होते.

मांसाविना जेवणाचे जुने नाव

प्राचीन ग्रीक समाज शाकाहारी नव्हता. मात्र मांस रोजचे नसे. ते बहुधा देवतांना दिलेल्या बळीच्या निमित्ताने, सणावारीच खाल्ले जाई. या बळीच्या प्रथेला आणि मांसाहाराला विरोध करणारा एक क्षीण परंतु दीर्घकाळ टिकलेला प्रवाह मात्र त्याच भूमीत उगम पावला.

इसवी सनपूर्व सहाव्या शतकातील गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ पायथागोरस हा सामोस बेटाचा. एकच आत्मा निरनिराळ्या देहांतून फिरतो आणि म्हणून प्राणिमात्रांशी माणसाचे नाते आहे, ही शिकवण त्याच्या नावावर सांगितली जाते. त्याच्या अनुयायांनी मांसत्यागाचा नियम केला. हे नाव युरोपच्या स्मरणात इतके खोल रुजले की, १८४७ मध्ये इंग्लंडात शाकाहारी मंडळाची स्थापना होऊन नवा शब्द रूढ होईपर्यंत, मांसाविना जेवणाला तिकडे 'पायथागोरसचा आहार' असेच म्हटले जाई.

पुढे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने मांसत्यागावर चार भागांचा ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिला. त्याला निमित्त घरगुतीच होते. मांस सोडलेला त्याचा एक मित्र पुन्हा मांसाहाराकडे वळला होता आणि त्याला समजावण्यासाठी हा ग्रंथ सिद्ध झाला. प्राणी वेदना जाणतात, त्यांनाही एक प्रकारची बुद्धी असते आणि निरपराध जिवाला मारणे हा अन्याय आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. संयमी जीवनाची उदाहरणे देताना तो दूरच्या भारतातील ब्राह्मणांचा आणि श्रमणांचा उल्लेख करतो. भूमध्य समुद्राच्या काठावर बसून लिहिणाऱ्या माणसापर्यंत 'श्रमण' हा शब्द पोहोचला होता, ही गोष्ट आजही मन थोडे थांबवून ठेवते.

अर्धे वर्ष उपवासाचे

बळींची प्रथा ख्रिस्ती धर्माबरोबर संपली. ग्रीसमध्ये रुजला तो पूर्वेकडचा ऑर्थोडॉक्स पंथ. या पंथाने आहाराचे जे पंचांग बांधले, तेच पुढे ग्रीक स्वयंपाकघराचा कणा झाले.

वर्षभर बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे वार. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा मोठा उपवास आणि त्याला जोडून येणारा पवित्र सप्ताह. नाताळापूर्वी १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवस. उन्हाळ्याच्या आरंभी प्रेषितांच्या नावाचा उपवास आणि १ ते १४ ऑगस्ट देवमाता मानलेल्या मेरीच्या नावाचा. सगळे दिवस जुळवले तर वर्षातील १८० ते २०० दिवस भरतात. या दिवसांत मांस, दूध, दही, लोणी, चीज, अंडी आणि मासे वर्ज्य असतात. मोठ्या उपवासातही २५ मार्चच्या सणाला मासे चालतात, अशा काही मोजक्या सवलती आहेत.

याहून कडक नियम तेलाचा आहे. ज्या देशाचे तेल जगभर नावाजले गेले, तेथील श्रद्धाळू माणूस कडक उपवासाच्या दिवशी तेच तेल ताटातून काढून टाकतो. ऑलिव्हची फळे चालतात, तेल चालत नाही. मोठ्या उपवासात शनिवारी आणि रविवारी तेलाची मोकळीक मिळते. आयंबिलाच्या दिवशी दूध, दही, तूप, तेल आणि गोड सोडून रुक्ष अन्न घेणाऱ्या घरांना या नियमाचा गाभा समजावून सांगावा लागणार नाही. भूक मारण्यापेक्षा रसनेची ओढ सैल करणे, हा दोन्हींकडचा हेतू आहे.

त्यागाची चढणही क्रमाने येते. मोठ्या उपवासापूर्वी आधी मांस सुटते आणि पुढचा एक आठवडा दूधदुभते खाऊन तेही बंद होते. नंतर येतो तो 'स्वच्छ सोमवार'. त्या दिवशी घरातली भांडी चरबीचा अंश राहू नये म्हणून घासून लख्ख करण्याची जुनी चाल होती. भट्टीवाले 'लागाना' नावाची, तीळ पेरलेली, चपटी पोळी भाजतात. ती वर्षातून या एकाच दिवशी मिळते. तिळाच्या कुटाचा हलवा घरोघरी आणला जातो आणि त्याला तेथेही हलवाच म्हणतात. माणसे डोंगरावर, मोकळ्या रानात जाऊन पतंग उडवतात. तीळ आणि पतंग एकाच दिवशी पाहिल्यावर मराठी माणसाला संक्रांत आठवल्यावाचून राहणार नाही.

घरातल्या मुलांसाठी उपवास मोजण्याची एक युक्ती आहे. कागदाची किंवा मिठाच्या कणकेची एक बाई केली जाते, तिचे नाव 'किरा साराकोस्ती', म्हणजे 'उपवासबाई'. तिला सात पाय असतात आणि हात प्रार्थनेसाठी जोडलेले असतात. तिला तोंड काढत नाहीत, कारण ती उपवास करते. दर शनिवारी मुले तिचा एक पाय कापतात आणि सातवा पाय गेला की ईस्टर येतो. ज्या वयात नियमाचे कारण कळत नाही, त्या वयात नियमाची गोडी लागावी, हीच ती योजना.

मात्र या ठिकाणी दोन परंपरांच्या वाटा वेगळ्या होतात, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ग्रीक उपवासात कालवे, कोळंबी आणि अष्टपाद चालतात, कारण त्यांच्यात लाल रक्त नाही असे मानले गेले. कांदा आणि लसूण यांना बंदी नाही. मध चालतो. शनिवार-रविवारच्या सवलतीत तेलाबरोबर द्राक्षमद्यही येते. उपवासाची सांगता ईस्टरला होते, तेव्हा अंगणांत कोकरू भाजले जाते. नियमाचा सांगाडा ओळखीचा वाटला तरी जिवांची गणना दोन्हींकडे सारखी नाही.

व्यापारानिमित्त अथेन्स किंवा थेसालोनिकीला जाणाऱ्यांनी एक शब्द लक्षात ठेवावा, 'निस्तिसिमो'. उपवासाला चालणारा तो निस्तिसिमो. खाणावळीत हा शब्द उच्चारला की दूध, अंडी आणि मांस आपोआप दूर होतात. कोळंबी, कांदा, लसूण आणि मध यांविषयी मात्र वेगळे विचारावे लागते. इतर दिवशी ज्या फेटा चीजचे तेथे कौतुक होते, ते पारंपरिक रीतीने कोकराच्या जठरातील विरजणाने घट्ट केलेले असते, हेही ध्यानात असावे. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेले 'दोल्मादाकिया' घेताना 'यालांजी' आहेत का, असे विचारावे. तुर्की भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'खोटारडे' असा आहे. आत मांस असल्याचा भास होतो, परंतु असतो केवळ भात, म्हणून हे नाव पडले.

उपवासाच्या चुलीवर

वर्षाचे सहा महिने दूध आणि मांस वर्ज्य असले म्हणजे गृहिणीला उरलेल्या जिनसांतून चव काढावी लागते. ग्रीक स्वयंपाकाची खरी कला या गरजेतून घडली. भेंडी, फरसबी, वांगी, वाटाणे यांसारख्या भाज्या तेलात आणि स्वतःच्या रसात मंद आचेवर शिजवतात. अशा सर्व पदार्थांना मिळून 'लादेरा', म्हणजे 'तेलातले', असे नाव आहे. ते गरम वाढण्याची घाई नसते. दुपारी केलेले संध्याकाळी अधिक मुरते.

कडधान्यांचा मान मोठा आहे. पांढऱ्या घेवड्याचे 'फासोलादा' हे कालवण राष्ट्रीय अन्न म्हणून ओळखले जाते. गंमत अशी की त्यातला घेवडा आणि टोमॅटो हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, म्हणून प्राचीन ग्रीकांनी ते कधी पाहिलेही नव्हते. मसूर आणि हरभरा मात्र फार जुने आहेत. गुड फ्रायडेला अनेक घरांत मसुराचे सार तेलाविना, सिरका घालून खातात. सिफ्नोस बेटावर शनिवारी संध्याकाळी काबुली चण्यांचे मातीचे झाकणाचे भांडे गावच्या लाकडी भट्टीत ठेवतात. रात्रभर मंद आचेवर राहून रविवारी प्रार्थनेनंतर ते घरी येते. सांतोरिनी बेटाचा 'फावा' हा पिवळ्या डाळीचा घट्ट घोटलेला गोळा. ती डाळ विदर्भात परिचित असलेल्या लाखेच्या कुळातली आहे.

याहून जवळचे नाते रानभाज्यांत सापडते. पहिल्या पावसानंतर बायका पिशवी आणि सुरी घेऊन डोंगरउतारावर जातात आणि 'होर्ता' खुडून आणतात. होर्ता म्हणजे नाना प्रकारची रानपाने. ती उकडून, पाणी निथळून, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिळून खातात. उकडलेले पाणीही फेकत नाहीत, लिंबू घालून पितात. उन्हाळ्यात खाल्ली जाणारी 'व्लीता' म्हणजे आपल्या माठाच्या आणि तांदुळजाच्या कुळातली भाजी आणि 'ग्लिस्त्रिदा' म्हणजे चक्क घोळ. ग्रीसमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत संशोधन केलेल्या आर्टेमिस सिमोपुलोस यांनी १९८६ मध्ये घोळीतील ओमेगा-३ स्निग्धाम्लांकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. जी घोळ मंडईत कोपऱ्यात पडून असते, तिची दखल अशी दूरच्या बाजूने घेतली गेली.

भाकरीचे जुने स्थानही सुटलेले नाही. क्रीट बेटावर सातूच्या पावाचे तुकडे दुसऱ्यांदा मंद भट्टीत वाळवून 'पाक्सिमादी' करतात. ते महिनोन्‌महिने टिकतात. मेंढपाळ आणि खलाशी ते पाण्यात भिजवून, वर ऑलिव्ह आणि टोमॅटो घालून खात.

मृतांच्या स्मरणार्थ 'कोलिवा' करतात. उकडलेले गहू, मनुका, डाळिंबाचे दाणे, तीळ, बदाम आणि साखर एकत्र करून चर्चमध्ये सर्वांना वाटतात. याविषयी एक आख्यायिका आहे. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियनने उपवासकरी लोकांना भ्रष्ट करण्यासाठी बाजारातल्या सर्व अन्नावर बळीचे रक्त शिंपडायला लावले. तेव्हा एका संताने दृष्टान्त देऊन सांगितले की, बाजारातले काही घेऊ नका, घरातले गहू उकडून खा. मोठ्या उपवासाच्या पहिल्या शनिवारी आजही त्या स्मरणार्थ गहू उकडले जातात. घरात साठवलेल्या धान्यावर व्रत तरून जाते, हा त्या कथेचा आशय.

जेवणाची वेळ, जेवणाची रीत

दुपारचे जेवण हे दिवसाचे मुख्य जेवण. ते दोन-तीन वाजता होते आणि नंतर विश्रांतीची वेळ सुरू होते. त्या वेळात गोंगाट करणे असभ्य मानले जाते. रात्रीचे जेवण नऊनंतर, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा होते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना ही रीत मानवणारी नाही. परंतु तेथील मठांचे वेळापत्रक निराळे आहे. उत्तरेकडील आथोस पर्वतावरच्या मठांत भिक्षू दिवसातून दोनच वेळा जेवतात आणि मांस वर्षभर खात नाहीत. भोजनगृहात कोणी बोलत नाही, एक जण संतचरित्र वाचत असतो आणि वाचन थांबले की जेवण संपते.

गृहस्थांच्या घरी मात्र जेवण बोलके असते. पदार्थ मध्यभागी ठेवून सर्वजण त्यातून घेतात आणि एकट्याने जेवणे दुर्दैव समजले जाते. पाहुणा आला की प्रथम थंड पाण्याचा पेला आणि बशीत चमचाभर मुरंबा ठेवतात. संत्र्याची साल, कोवळी अंजिरे, चेरी, जे ज्या ऋतूत मिळेल ते पाकात टिकवलेले असते. त्याला 'चमच्याचे गोड' म्हणतात. पाहुण्याला गोड तर द्यायचे, परंतु चमचाभरच.

क्रीटची नोंदवही

या अन्नाची जगाला ओळख झाली ती दुःखाच्या वाटेने. १९४१ मध्ये जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी ग्रीस व्यापला. धान्य लुटले गेले आणि ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे बाहेरून येणारे धान्यही बंद झाले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने कोसळून मरत होती. व्यापाच्या सर्व वर्षांत मिळून सुमारे तीन लाख माणसे दुष्काळाने दगावली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. शेजारच्या तुर्कस्तानातून 'कुर्तुलुश' नावाचे जहाज अन्न घेऊन येत असे. जानेवारी १९४२ मध्ये तेही वादळात सापडून बुडाले. त्या दिवसांत अनेकांना जगवले ते रानातल्या होर्ताने. जुन्या पिढीतील ग्रीक माणूस पावाचा तुकडा टाकत नाही, त्यामागे ही आठवण आहे.

युद्धानंतर, १९४८ मध्ये, ग्रीक सरकारच्या विनंतीवरून अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानने क्रीट बेटाची पाहणी केली. लोकांचे अन्न धान्य, कडधान्य, पालेभाज्या, फळे आणि ऑलिव्ह तेल हेच होते. प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांचा वाटा एकूण उष्मांकांत सुमारे ७ टक्के होता. लोक मात्र या जेवणावर खूश नव्हते. काय मिळाले तर बरे वाटेल असे विचारता बहुतेकांनी मांसाचे नाव घेतले. ज्या ताटाला पुढे जगाने आदर्श ठरवले, ते ताट जेवणाऱ्यांना त्या वेळी दारिद्र्याचे वाटत होते.

मग आले अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसल कीज. १९५८ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या 'सात देशांच्या अभ्यासा'त अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, जपान आणि ग्रीस यांतील मध्यमवयीन पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. क्रीटच्या पुरुषांच्या आहारात स्निग्ध पदार्थ उष्मांकांच्या सुमारे ४० टक्के होते, तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू तेथे सर्वांत कमी आढळले. त्या आहारातील बहुतेक स्निग्धांश ऑलिव्ह तेलाचा होता. येथून तेलाची कीर्ती जगभर गेली. १९९३ मध्ये या आहाराचा मनोरा काढला गेला आणि २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

एक गोष्ट मात्र नोंदवहीत उतरली नव्हती. क्रीट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये ती पुढे आणली. त्या अभ्यासात तपासलेल्या क्रीटच्या पुरुषांपैकी सुमारे ६० टक्के मोठा उपवास पाळत होते. परंतु उपवास करणारे आणि न करणारे यांची वेगवेगळी नोंद झालीच नाही. त्याआधी २००३ मध्ये याच विद्यापीठाने १२० जणांची तपासणी प्रसिद्ध केली होती. त्यांतील निम्मे उपवास पाळणारे होते आणि निम्मे न पाळणारे. उपवासाच्या अखेरीस पाळणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल इतरांच्या तुलनेत सुमारे १२ टक्के कमी आढळले. ही तपासणी लहान होती. क्रीटच्या शेतकऱ्याचे कष्ट, त्याचे रोजचे मैलोन्‌मैल चालणे, हेही विसरता येत नाही. तरीही तेलाची नोंद व्हावी आणि तेल वर्ज्य करण्याच्या दिवसांची होऊ नये, ही त्रुटी लहान म्हणता येणार नाही.

बाटली आली, पंचांग राहिले

क्रीटच्या लोकांनी १९४८ मध्ये जे मागितले होते ते त्यांना पुढे मिळाले. सुबत्ता आली, मांसाचा खप झपाट्याने वाढला, मोटारी आल्या आणि उपवास पवित्र सप्ताहापुरते आक्रसले. आज युरोपात लहान मुलांची स्थूलता सर्वाधिक असणाऱ्या देशांत ग्रीसची गणना होते. तेल तेच आहे, ऑलिव्हची झाडेही तीच आहेत. क्रीटमधील वूव्हेस गावचे ऑलिव्हचे झाड दोन हजार वर्षांहून अधिक जुने मानले जाते आणि त्याला अद्याप फळे येतात. बदलले ते ताटाचे प्रमाण आणि न खाण्याचे दिवस.

व्यापारी घरांना हा हिशेब परका नाही. दुकानाच्या वहीत खर्चाची बाजू लिहिली नाही तर जमेच्या बाजूला अर्थ राहत नाही. ग्रीसच्या आहाराची जगाने जमेची बाजू तेवढी उतरवून घेतली. महाराष्ट्रातील अनेक जैन घरांतही आज हेच चित्र दिसू लागले आहे. तिथी आजी पाळते, आयंबिलाची ओळी सासूबाई करतात आणि नव्या पिढीच्या डब्यात परदेशी तेल, परदेशी बिया येतात. त्या वस्तूंत दोष नाही. परंतु घरात पूर्वीपासून असलेले पंचांग भिंतीवरून उतरले, तर त्याची भरपाई कोणत्याही बाटलीने होणार नाही.

ग्रीसकडून घ्यायचेच असेल तर घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते स्वस्तही आहे. माठ किंवा घोळ नीट निवडून, उकळत्या पाण्यात मऊ होईतो शिजवावी, पाणी निथळून वर चमचाभर तेल, मीठ आणि लिंबाचा रस घालावा. तेल शेंगदाण्याचे असले तरी चालते. कांदा-लसणाची गरज पडत नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असणाऱ्या घरांनी ती कार्तिकी पौर्णिमेनंतर करावी, तोवर भिजवून मऊ शिजवलेले काबुली चणे याच रीतीने लिंबू आणि मिरपूड घालून खावेत. आणि घरातल्या लहान मुलांना पर्युषणाचे आठ किंवा दशलक्षणाचे दहा दिवस मोजण्यासाठी कागदाची एखादी उपवासबाई करून द्यावी. रोज तिचा एक पाय कापताना मुले विचारतील की हिला तोंड का नाही. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आजी घरात असते.